ऑटिझम असलेल्या मुलाला चित्रांची कार्डं दिली, तर ते बोलायचं थांबेल का?

तीन वर्षांचं मूल आईचा हात धरून तिला बिस्किटांच्या डब्यापाशी नेतं. तोंडातून शब्द एकही नाही. हे बोलणं नसलं, तरी संवाद नक्कीच आहे.

ऑटिझम, म्हणजेच स्वमग्नता असलेली अनेक मुलं उशिरा बोलू लागतात. काही मोजकेच शब्द बोलतात, काही बोलतच नाहीत. अशा वेळी स्पीच थेरपिस्ट चित्रांची कार्डं किंवा टॅबलेटवरचं अ‍ॅप सुचवतात. मग घरच्यांना भीती वाटते: कार्डावरच काम भागलं, तर मूल बोलेल कशाला?

कार्डांनी नेमकं काय होतं?

'पेक्स' ही अशीच एक पद्धत. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी ती 1985 मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात तयार केली. मुलाने बिस्किटाचं चित्र समोरच्याच्या हातात दिलं, की त्याला लगेच बिस्किट मिळतं. देणारा 'बिस्किट' हा शब्दही उच्चारतो. आपण काही सांगितलं की समोरचा दखल घेतो, हे मुलाला यातून कळतं. बोलण्याचा पायाही हाच आहे.

संशोधन काय सांगतं?

अशा साधनांवरच्या अभ्यासांचे आढावे 2006 आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. साधनांमुळे बोलणं खुंटतं, असा पुरावा त्यांत सापडला नाही. उलट अनेक मुलांचं बोलणं थोडंफार वाढलं.

2013 मधला अमेरिकेतला एक अभ्यास 535 मुलांचा होता. चार वर्षांची होईपर्यंत ही मुलं शब्दाला शब्द जोडून बोलत नव्हती. त्यातली 70 टक्के मुलं पुढे तसं बोलू लागली. म्हणजे चार वर्षांनंतरही आशा असते. पण उरलेल्या 30 टक्के मुलांचं काय? आणि बोलायला लागेपर्यंत बाकीच्यांनी तरी काय करायचं? पोट दुखतंय हे सांगता न येणारं मूल रडतं, चावतं, डोकं आपटतं. घरच्यांना तो हट्ट वाटतो.

पालकांनी काय करावं?

- सर्वात आधी मुलाची श्रवण चाचणी करून घ्या.
- 'पाणी हवं?' विचारल्यावर मूल 'पाणी हवं?' असंच म्हणालं, तर रागावू नका. ते 'हो' म्हणत असू शकतं. पाणी देताना 'मला पाणी हवं' असं तुम्ही म्हणा.
- प्रश्न विचारल्यावर थोडं थांबा, उत्तरासाठी वेळ द्या.
- घरात मराठीच बोला. दोन भाषा कानावर पडल्याने ऑटिझम होत नाही.

कधी आणि कुठे जायचं?

16 महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडता येत नाहीत किंवा येत असलेले शब्द बंद झाले, तर 'याचे बाबाही उशिराच बोलले' म्हणत वाट पाहू नका. बालरोगतज्ज्ञांना भेटा. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (डीईआयसी) तपासणी मोफत होते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.

आणि थेरपिस्टने कार्डं सुचवली, तर ती सुरू करा. बोलण्याचा सराव सोबत चालूच राहतो.