सर्वांची वही, सर्वांची जबाबदारी

मुलांना शाळेचा प्रकल्प लिहावयाचा असो, डॉक्टरांच्या चिठ्ठीतील एखादे नाव समजून घ्यावयाचे असो, की नव्या गावी जाण्यापूर्वी तेथील इतिहास पाहावयाचा असो; आज प्रथम भ्रमणध्वनी हाती घेतला जातो आणि बहुधा विकिपीडियाचा लेख समोर येतो. तो कोणी लिहिला व कशाच्या आधारे लिहिला, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो.

महाराष्ट्राला ज्ञानकोशाची परंपरा नवी नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोश सिद्ध केला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोश आकारास आला. या कोशांतील नोंदी छपाईपूर्वी जाणत्या संपादकांच्या नजरेखालून जात. १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या विकिपीडियाने हा क्रम उलटा केला. तेथे आधी प्रसिद्धी, मग तपासणी. आणि दोन्ही कामे करणारे विनावेतन स्वयंसेवक. मराठी विकिपीडिया २००३ पासून कार्यरत आहे.

ही पद्धत वाटते तितकी ठिसूळ नाही. ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने २००५ मध्ये ४२ विज्ञानविषयक लेखांची तज्ज्ञांकडून तुलना करून घेतली. विकिपीडियात सरासरी चार, तर ब्रिटानिकात तीन चुका आढळल्या. ब्रिटानिकाने या तपासणीच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. तथापि अंतर फार मोठे नव्हते. शिवाय प्रत्येक लेखाला जोडलेल्या ‘इतिहास’ पानावर कोणता बदल कोणत्या सदस्यनामाने, कधी झाला, हे दिसते. व्यापाऱ्याच्या रोजमेळाप्रमाणे जुनी नोंद सहसा पुसली जात नाही. चुकीचा बदल कोणालाही मागे घेता येतो.

परंतु रोजमेळ उघडा असला तरी तो कोणीतरी वाचावा लागतो. २००५ मध्येच अमेरिकन पत्रकार जॉन सीगेनथालर यांच्याविषयी एकाने थट्टेने लेख लिहिला व केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध सुचविला. ही निराधार बदनामी चार महिन्यांहून अधिक काळ तशीच राहिली. ज्या लेखावर फारशा कोणाची नजर नसते, तेथील दोष दीर्घकाळ टिकतो. स्वयंसेवक मोजके असलेल्या भाषांत हा धोका अधिक. त्यातच पेढ्या व कंपन्यांची आत्मस्तुती येते; मोबदला घेऊन लिहिणाऱ्याने तसे जाहीर करावे, असा नियम असूनही काही लेख जाहिरातीसारखे भासतात. कधी वृत्तपत्र विकिपीडियातील चूक उचलते आणि पुढे तेच वृत्त त्या चुकीचा ‘आधार’ ठरते.

म्हणून वाचकाने पावतीवाचून खर्च मंजूर न करण्याची आपली सवय येथेही पाळावी. वाक्यापुढील संदर्भक्रमांक उघडून मूळ आधार पाहावा. ‘संदर्भ हवा’ अशी खूण असलेले विधान पक्के मानू नये. औषधाची मात्रा डॉक्टरांना आणि कायद्याची बाब वकिलांना विचारावी. नव्या व्यापाऱ्याला उधारी देताना त्याच्या पेढीवरील लेखापेक्षा बाजारातील चौकशी अधिक भरवशाची.

आणखी एक मर्यादा आपल्याला विशेष जाणवणारी आहे. विकिपीडियाला प्रकाशित आधार लागतो. केवळ आठवणीतील ज्ञान तेथे ग्राह्य नाही. हुंडीचे व्यवहार, अडतीच्या रीती, जुन्या पेठांतील मापे व बोली यांचे कितीतरी ज्ञान अद्याप घरातील वडीलधाऱ्यांच्याच स्मरणात आहे. ते लिहिले व छापले गेले नाही, तर कोणत्याही कोशात त्याला जागा मिळणार नाही. वडीलधाऱ्यांनी सांगावे, तरुणांनी तारीख-तपशील पडताळून लिहून घ्यावे व ते एखाद्या नियतकालिकात किंवा पुस्तकात प्रसिद्ध करावे. मग त्या आधारावर कोणी अपरिचित स्वयंसेवक मराठीत लेख रचील, आणि दूरच्या गावातील एखाद्या विद्यार्थ्यास तो विनामूल्य वाचता येईल.