घरगुती राऊटरचे बिनतारी जाळे : सीमाभागातील महाविद्यालयांच्या दृष्टीने

सन 2020 व 2021 मध्ये महाविद्यालये बंद असताना अध्यापन मोबाईलवर आले आणि विद्यार्थ्यांमधील एक जुनी दरी नव्याने दिसून आली. ज्या घरात एकच स्मार्टफोन आहे आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो, त्या घरातील मुलीपर्यंत तास पोहोचत नाही. निपाणी परिसरातील तंबाखू व विडी व्यवसायावर जगणाऱ्या कुटुंबांच्या संदर्भात हा प्रश्न केवळ त्या दोन वर्षांपुरता मर्यादित नाही. बारावीनंतर घरी राहून बाहेरून परीक्षा देणाऱ्या मुलींना आजही टिपणे, जुन्या प्रश्नपत्रिका आणि ध्वनिमुद्रित व्याख्याने हवी असतात. उर्दू माध्यमाच्या मुलींना तर ती बाजारातही सहज मिळत नाहीत. महाविद्यालयापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या मोहल्ल्यापर्यंत हे साहित्य डेटा पॅकशिवाय नेता येईल काय, या प्रश्नाचे एक उत्तर म्हणजे सामुदायिक बिनतारी जाळे, ज्याला तंत्रज्ञ मेश नेटवर्क म्हणतात.

नेहमीच्या वायफायमध्ये एक राऊटर मध्यभागी असतो व सर्व उपकरणे त्याच्याशी बोलतात. मेशमध्ये राऊटर एकमेकांशी बोलतात. एका घरावरील राऊटर शेजारच्या घराचा संदेश पुढच्या घराकडे पोहोचवितो, म्हणजे प्रत्येक घर हे एकाच वेळी ग्राहकही असते आणि डाकियाही. मधला एखादा राऊटर बंद पडल्यास, दुसरा रस्ता उपलब्ध असेल तर जाळे तो आपोआप शोधते. यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. राऊटरमधील मूळ प्रणाली काढून त्या जागी ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली बसवावी लागते. सन 2004 मध्ये लिंकसिसच्या एका घरगुती राऊटरसाठी सुरू झालेली ही प्रणाली आज शेकडो प्रकारच्या राऊटरवर चालते. मात्र खरेदीपूर्वी त्या प्रणालीच्या यादीत आपले मॉडेल आहे की नाही हे पाहणे आवश्यक आहे. 4 मेगाबाइट फ्लॅश व 32 मेगाबाइट रॅम असलेले जुने राऊटर तिच्या नव्या आवृत्त्यांना चालत नाहीत. 16 व 128 असल्यास अडचण येत नाही.

जुळणीत मुख्यतः तीन गोष्टी सर्व राऊटरवर समान असाव्या लागतात : वाहिनी, जाळ्याचे नाव आणि परवलीचा शब्द. पत्ता मात्र प्रत्येकाचा वेगळा असतो, आणि उपकरणांना पत्ते वाटण्याचे काम एकाच राऊटरकडे ठेवले जाते. मार्ग निवडण्याचे काम बॅटमन या विनोदी नावाच्या, परंतु गंभीरपणे वापरल्या जाणाऱ्या प्रणालीकडे देता येते. सन 2011 पासून ती लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट आहे. संगणकशास्त्राचा एखादा होतकरू विद्यार्थी हे काम आठवड्याभरात शिकू शकतो.

खरी मर्यादा निराळीच आहे. एकच रेडिओ असलेला राऊटर ऐकताना बोलू शकत नाही आणि सर्व राऊटर एकाच वाहिनीवर असतात. त्यामुळे पहिल्या टप्प्यावर सेकंदाला 30 मेगाबिट वेग मिळत असल्यास दुसऱ्या टप्प्यावर तो जवळजवळ निम्मा आणि तिसऱ्यावर एक तृतीयांश होतो. प्रत्यक्षात भिंतींमुळे आणखी घट होते. जुन्या वाड्यांच्या दगडी वा मातीच्या जाड भिंतींतून लहरी नीट जात नाहीत. म्हणून राऊटर खोलीत न ठेवता छपराशी, समोरचे छप्पर दिसेल अशा जागी बंद पेटीत बसविणे इष्ट. तीन टप्प्यांपेक्षा लांब साखळी करू नये. बेळगाव व निपाणी ही सत्तरहून अधिक किलोमीटर अंतरावरील शहरे जोडणे हे या तंत्राचे काम नव्हे. ते मोहल्ल्याचे तंत्र आहे.

तथापि, वेगाच्या या मर्यादेमुळे निराश होण्याचे कारण नाही, हे धरमशाला येथील अनुभवावरून दिसते. भारत सरकारने जानेवारी 2005 मध्ये 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्याचा इमारतीबाहेरील वापर परवानामुक्त केला आणि त्यापाठोपाठ तेथे असे जाळे उभे राहिले. डोंगर, माकडे आणि विजेची अनिश्चितता यांना तोंड देत घरगुती राऊटर पेट्यांत बंद करून बसविण्यात आले. तीसहून अधिक राऊटर एकाच वाहिनीवर होते आणि दोन हजारांहून अधिक संगणक जोडलेले होते. परंतु बाहेरच्या इंटरनेटचा एकूण वेग सेकंदाला केवळ 6 मेगाबिट होता. सर्व संगणकांना इंटरनेट मिळतही नव्हते. तरीही जाळे उपयोगी पडले, कारण फाइलींची देवाणघेवाण आणि दूरध्वनी संभाषण ही कामे आतल्या आत होत होती.

येथेच अनेक योजना चुकतात. मेश म्हणजे इंटरनेट फुकट वाटण्याची युक्ती असा समज असतो. वास्तविक जाळ्यात काय ठेवायचे हा पहिला प्रश्न होय आणि तो तंत्रज्ञाचा नसून अध्यापकांचा आहे. सीमाभागाच्या अगदी जवळचे वारणानगरचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. सन 1998 मध्ये वारणा परिसरातील सुमारे 70 गावांसाठी संगणक केंद्रांची मोठी योजना सुरू झाली. शेती, शिक्षण, बाजारभाव अशी अनेक उद्दिष्टे होती. प्रत्यक्षात केंद्रांचा मुख्य वापर राहिला तो ऊस आणि साखर कारखान्याच्या हिशेबासाठी. पुढे सन 2007 च्या सुमारास सात गावांत संगणकाऐवजी मोबाईलवरील एसएमएसने तेच काम करून पाहण्यात आले आणि ते भागले. ज्याची गरज होती तेवढेच टिकले.

तेव्हा महाविद्यालयाने प्रथम एक छोटा संगणक घ्यावा, त्यावर आपल्या अध्यापकांची मराठी, उर्दू व कन्नड टिपणे आणि व्याख्याने ठेवावीत. किविक्स या मुक्त साधनाद्वारे मराठी व उर्दू विकिपीडिया इंटरनेटशिवाय वाचता येतात, तेही त्यात घालावेत. हा संगणक जाळ्याला जोडला की कोणताही जुना, सिम नसलेला स्मार्टफोनही वाचनालयाचे काम देतो. घरी एकच फोन असलेल्या विद्यार्थिनीसाठी हा मुद्दा राऊटरपेक्षाही महत्त्वाचा आहे. कोणत्या घरातून काय वाचले गेले याची नोंद ठेवू नये. ही नोंद मोहल्ल्यात चर्चेचा विषय झाली, तर मुली वापर बंद करतील.

इंटरनेट वाटण्याचा प्रश्न कायद्याचाही आहे. परवानामुक्त पट्टा म्हणजे सेवा देण्याची मोकळीक नव्हे, आणि घरगुती जोडणी इतरांना विकण्यास सेवा कंपन्यांच्या अटी सहसा मनाई करतात. डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत छोट्या दुकानदारालाही परवान्याविना, नोंदणीकृत संस्थेमार्फत सार्वजनिक वायफाय देता येते. इंटरनेट द्यावयाचे झाल्यास हाच मार्ग धरावा. सीमेचा एक गमतीदार भाग असा की, निपाणीला लागून असलेले देवचंद महाविद्यालय अर्जुननगर येथे, म्हणजे महाराष्ट्रातील कागल तालुक्यात आहे व शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंना अभ्यासक्रम बदलतो, लहरी बदलत नाहीत. त्यामुळे टिपणांची मांडणी विद्यापीठानुसार न करता विषयानुसार करणे सोयीचे ठरेल.

वीज गेली की राऊटर बंद पडतो व त्याच्यामागची घरे तुटतात. म्हणून मधल्या राऊटरना तरी 12 व्होल्टची छोटी बॅटरी द्यावी. गच्चीची किल्ली कोणाकडे, वीजबिल कोण भरणार, विजांच्या कडकडाटात तारा कोण काढणार, हे घरमालकांशी आधीच बोलून लिहून ठेवावे. जागेची पाहणी मात्र उन्हाळ्याच्या सुटीत करू नये. या भागात मार्चमध्ये मोकळी दिसणारी दृष्टिरेषा जुलैत ओल्या पानांनी झाकली जाते आणि पाणी धरलेली पाने 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी शोषून घेतात. जुलैच्या पावसात दोन छपरांमध्ये जो संदेश पोहोचतो, तो वर्षभर पोहोचेल.