कोकणातलं अंगण : सात गैरसमज आणि वस्तुस्थिती

कोकणात नवी घरं झपाट्यानं उभी राहत आहेत. घर बांधून होतं, रंग लागतो, आणि मग भोवतालच्या मोकळ्या जागेचं काय करायचं हा प्रश्न उरतो. त्याचं उत्तर बरेचदा देशावरच्या बागांचे फोटो पाहून ठरवलं जातं. पुण्याची कोरडी हवा आणि काळी माती वेगळी, कोकणची हवा आणि माती वेगळी. रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे, पण हवेतला दमटपणा कायम. बऱ्याच ठिकाणी जमीन जांभ्याची, म्हणजे पाणी फार काळ धरून न ठेवणारी.

अशा ठिकाणी अंगणानं तीन कामं करायला हवीत : वारा घरात येऊ द्यायचा, ऊन भिंतींवर पडू द्यायचं नाही आणि पाण्याला योग्य वाट दाखवायची. फुलझाडांची निवड त्यानंतर. हा क्रम उलटा होतो तो पुढच्या गैरसमजांमुळे.

गैरसमज १ : घराभोवती जितकी दाट झाडी, तितका गारवा.

वस्तुस्थिती : कोरड्या प्रदेशात हे बऱ्याच अंशी खरं आहे. दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, म्हणूनच तापमान ३३-३४ अंश असलं तरी जीव कासावीस होतो. तिथे अंगावरून वाहणारा वारा हाच खरा दिलासा. खिडक्यांना लागून मेंदीची किंवा शोभेच्या झुडपांची डोक्याइतकी उंच भिंत उभी केली की तो वारा अडतो, खोल्या कोंदट होतात आणि पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते.

समुद्राकडचा वारा कोकणात साधारण पश्चिमेकडून आणि वायव्येकडून येतो. त्या अंगाला उंच, सरळ खोडाची झाडं शोभतात. नारळ-पोफळीचा शेंडा वर सावली धरतो आणि खोडांमधून वारा खेळता राहतो. झुडपं लावायचीच तर खिडकीच्या चौकटीखाली राहतील अशी निवडावीत : अबोली, बुटकी जास्वंद, तगर छाटून ठेवलेली. भिंत आणि झुडूप यांत माणूस फिरेल इतकं अंतर ठेवावं.

गैरसमज २ : सावलीचं झाड कुठेही लावलं तरी सावली मिळतेच.

वस्तुस्थिती : सावलीला दिशा असते. मुंबईत १५ मेच्या सुमारास आणि रत्नागिरीत त्याच्या काही दिवस आधी भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला फारसं ऊन लागत नाही. घर तापतं ते छतामुळे आणि पश्चिमेच्या भिंतीमुळे, कारण दुपारी तीननंतरचं तिरकं ऊन थेट तिच्यावर येतं. म्हणून मोठं झाड पश्चिमेला हवं. बकुळ, कोकम, सोनचाफा, नीरफणस यांतलं जागेला झेपेल ते घ्यावं आणि खालच्या फांद्या छाटून खोड मोकळं ठेवावं, म्हणजे सावलीही मिळते आणि वाराही.

अंगणातल्या सावलीसाठी कोकणातला जुना उपाय आजही सर्वांत चांगला आहे. पावसाळा सरला की खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, चोपून, सारवून घ्यायचं. लाकडाच्या मेढी रोवायच्या, वर बांबू किंवा पोफळीचे वासे टाकायचे आणि त्यावर विणलेले नारळाचे झाप अंथरायचे. पावसाच्या तोंडावर हा मांडव उतरवायचा. आठ महिने अंगण सावलीत राहतं आणि पावसाळ्यात उघडीप मिळाली की ऊन थेट जमिनीवर पडून शेवाळ कमी धरतं. झाप मिळत नसतील तर त्याच सांगाड्यावर काढता येणारी हिरवी जाळी चालते. कायमचा पत्रा मात्र स्वतः तापतो आणि खालची हवाही तापवतो.

गैरसमज ३ : कारंजं किंवा पाण्याचे फवारे लावले की हवा थंड होते.

वस्तुस्थिती : पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता ओढून घेतं, हे खरं. पण हवेत आधीच भरपूर बाष्प असेल तर पाणी हळू उडतं आणि गारवा नाममात्र मिळतो. विदर्भात कूलर उत्तम चालतो आणि कोकणात चालत नाही, त्याचं कारण हेच. दमट अंगणात फवाऱ्यानं चिकचिक आणि शेवाळ तेवढं वाढतं.

गैरसमज ४ : सगळीकडे पेव्हर ब्लॉक घातले की चिखलाचा प्रश्न मिटतो.

वस्तुस्थिती : प्रश्न मिटत नाही, जागा बदलतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटर छपरावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि कोकणात असे दिवस दर पावसाळ्यात येतात, तर दहा हजार लिटर पाणी पागोळ्यांतून खाली येतं. काँक्रीटच्या गादीवर बसवलेल्या ब्लॉकमधून ते मुरत नाही. ते घराच्या पायाशी साठतं किंवा शेजाऱ्याच्या आवारात घुसतं. मे महिन्यात तीच फरशी तापून संध्याकाळी उशिरापर्यंत घराकडे उष्णता फेकत राहते.

उपाय साधा आहे. जमिनीचा उतार घरापासून बाहेर ठेवावा. दहा फुटांना अडीच इंच उतार पुरतो. पागोळ्या जिथे पडतात त्या रेषेवर हातभर रुंद चर खणून त्यात जांभ्याची खडी भरावी, म्हणजे माती उडून भिंतीवर डाग पडत नाहीत. चराचं पाणी आवाराच्या सखल टोकाला, घराच्या पायापासून आणि विहिरीपासून दूर, शोषखड्ड्यात न्यावं. गाडी आणि चालण्याची वाट एवढ्यापुरतेच जांभ्याचे चिरे बसवावेत, सांध्यांत माती किंवा वाळू ठेवून. बाकी जमीन उघडी राहू द्यावी.

गैरसमज ५ : कोकणात एवढा पाऊस, तेव्हा हिरवळ आपोआप टिकेल.

वस्तुस्थिती : पावसाळ्यात सगळंच हिरवं असतं. परीक्षा जानेवारी ते मे या काळात होते. उन्हाळ्यात हिरवळीला दर चौरस मीटरला रोज चार-पाच लिटर पाणी लागतं. म्हणजे पन्नास चौरस मीटरच्या तुकड्याला दोन-अडीचशे लिटर, तेही नेमकं विहिरी तळ गाठतात तेव्हा. शिवाय नारळाच्या दाट सावलीत हे गवत धरत नाही.

त्यापेक्षा घरातलंच पाणी वापरावं. न्हाणीचं पाणी परसदारी केळी, अळू आणि कर्दळीकडे सोडण्याची पद्धत कोकणात पूर्वापार आहे आणि ती शहाणपणाची आहे. साबण बेताचा वापरावा आणि पाणी साचू न देता वाहतं ठेवावं. मोठी जागा असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं पुढे आणलेल्या लाखी बागेचा विचार करावा : साडेसात मीटर अंतरावर नारळ, त्याच्या खोडावर मिरीचा वेल, मधल्या जागेत जायफळ आणि दालचिनी. त्याच जागेत, त्याच पाण्यावर सावलीही मिळते आणि उत्पन्नही.

गैरसमज ६ : पालापाचोळा आणि झाडं म्हणजे साप आणि डास.

वस्तुस्थिती : डेंगीचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. करवंट्या, कुंड्यांखालच्या बशा, टायर, बांबूची पोकळ खुंटं यांतलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून टाकलं तर ती साखळी तुटते. जास्वंद तोडून काहीच साधत नाही.

साप येतो तो उंदीर-बेडकांमागे आणि लपायला जागा मिळाली म्हणून. सरपणाचे ढीग, नारळाच्या सोडणांची रास, रचून ठेवलेले चिरे भिंतीलगत ठेवू नयेत. वाळलेली पानं जाळण्याऐवजी झाडांच्या आळ्यात तीन-चार बोटं जाड पसरावीत, खोडापासून वीतभर आणि घरापासून दूर. उन्हाळ्यात ओल टिकते आणि पावसाळ्यात जांभ्यावरची पातळ माती वाहून जात नाही.

गैरसमज ७ : झपाट्यानं वाढणारं झाड घराजवळ लावावं, लवकर सावली मिळते.

वस्तुस्थिती : झपाट्यानं वाढणाऱ्या झाडांचं लाकूड बहुधा ठिसूळ असतं. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्याची मुळं उथळ आणि फांद्या वाऱ्यात सहज मोडणाऱ्या. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागाही आडव्या झाल्या. म्हणजे झाड देशी असलं तरी अंतर पाळायलाच हवं. नारळाची झावळ साडेचार ते सहा मीटर लांब असते; त्याहून जवळ लावलेला माड आज ना उद्या कौलं फोडणार. दरवर्षी मे महिन्यात सुकलेल्या फांद्या, झावळ्या आणि नारळ उतरवून घ्यावेत.

रोपवाटिकेत जाण्याआधी एक पावसाळा आणि एक उन्हाळा आपलं आवार नीट पाहा. पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं, वारा कुठल्या खिडकीतून शिरतो आणि चार वाजता ऊन कुठल्या भिंतीवर असतं, हे कागदावर मांडा. रोपांची यादी त्यानंतर करा. अंगण त्या कागदावरून आखा. झाडं कमी लागतील, पाणी कमी लागेल आणि घर राहायला सुखाचं होईल.