हाड जुळेपर्यंत टिकणारा धातू

जावळी तालुक्यातल्या मेढ्याच्या आसपास कुणाची मांडी किंवा नडगी मोडली, की ऑपरेशनसाठी बहुतेकांना साताऱ्याची वाट धरावी लागते. प्लेट बसते, रॉड पडतो, काही महिन्यांत हाड जुळते. आतले स्टील किंवा टायटॅनियम मात्र तिथेच राहते. मोठ्या माणसांच्या अंगात ते पुष्कळदा तसेच ठेवतात. वाढत्या वयातल्या मुलांचे बहुधा काढतात. टोचू लागले किंवा जंतुसंसर्ग झाला, तर मोठ्यांचेही काढावे लागते. म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा टाके आणि पुन्हा बुडालेली मजुरी. हा दुसरा फेरा चुकवण्यासाठी धातुशास्त्रज्ञ जस्ताकडे वळले आहेत.

जस्त मेढ्याच्या ओळखीचे आहे. इथला मुसळधार पाऊस झेलणारा पत्रा टिकतो तो जस्ताच्या मुलाम्यामुळे, कारण लोखंडाच्या आधी जस्त स्वतः झिजते. हाच झिजण्याचा गुण शरीरात कामी आणायचा आहे.

विरघळणाऱ्या इम्प्लांटची कल्पना जुनी आहे. १९०७ मध्ये बेल्जियमचे शल्यविशारद अल्बिन लाम्बोट यांनी मोडलेल्या पायाला मॅग्नेशियमची पट्टी पोलादी खिळ्यांनी जोडली. आठच दिवसांत ती विरघळली आणि कातडीखाली वायू साठला. मॅग्नेशियम पाण्याशी चटकन भिडते आणि हायड्रोजन सोडते. मिश्रधातूंनी ते पुढे बरेच काबूत आले. जर्मन बनावटीच्या मॅग्नेशियम स्क्रूला २०१३ मध्ये युरोपात मान्यताही मिळाली. लोखंडाची अडचण उलटी: ते वर्षानुवर्षे जागचे हलत नाही. झिजण्याच्या वेगात जस्त या दोहोंच्या मध्ये बसते आणि वायूचा त्रासही फारसा देत नाही. २०१३ मध्येच अमेरिकेतल्या मिशिगन टेक विद्यापीठाच्या बोवेन, ड्रेलिक आणि गोल्डमन यांनी उंदरांच्या महाधमनीत जस्ताच्या तारा ठेवून हे दाखवले. तेव्हापासून या संशोधनाला वेग आला.

शरीरालाही जस्त लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत पुरुषाला रोज १७ आणि स्त्रीला १३ मिलिग्रॅम जस्त सांगितले आहे. बेताच्या मात्रेत ते हाड घडवणाऱ्या पेशींना पोषक ठरते, जास्त झाले तर त्याच पेशींना मारक.

खरी अडचण ताकदीची आहे. ओतीव शुद्ध जस्त ३० मेगापास्कलच्या आसपासच्या ताणाला तुटते. इम्प्लांटला त्याच्या कितीतरी पट ताकद हवी. म्हणून त्यात लिथियम, मॅग्नेशियम किंवा मँगनीज किंचित मिसळतात आणि धातू तापवून साच्यातून दाबून काढतात. त्याने आतले कण बारीक होतात. पेकिंग विद्यापीठाच्या गटाने २०२० मध्ये लिथियम व मॅग्नेशियम मिसळून ६०० मेगापास्कलच्या वर मजल मारली. तरी दोन प्रश्न उरतात. जस्त ४२० अंशांच्या सुमारास वितळते, त्यामुळे साध्या खोलीच्या तापमानातही त्याची आतली घडण बदलत राहते आणि कपाटात ठेवलेल्या स्क्रूची ताकद तीच राहील याची खात्री नसते. शिवाय रक्तवाहिनीतला त्याचा झिजण्याचा वेग वर्षाला मिलिमीटरच्या काही शतांशांएवढा. हाडातही तोच राहिला तर जाड प्लेट संपायला कित्येक वर्षे जातील. म्हणूनच जबडा, बोटे अशा लहान हाडांसाठी पातळ किंवा सच्छिद्र रचना आधी उपयोगी पडतील. मांडीच्या रॉडची पाळी बरीच नंतरची.

हे काम आज मुख्यतः प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवरील चाचण्यांत आहे. ते दवाखान्यात पोहोचेपर्यंत एक करावे: प्लेट बसवतानाच ती पुढे काढावी लागेल का आणि केव्हा, हे डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यावे.