गोधडी शिवताना

मंडळी, गोधडी कोणाला ठाऊक नाही? कोणी तिला वाकळ म्हणतात. जन्मलेले मूल आपण तिच्यात गुंडाळतो. म्हातारपणी थंडीत तीच अंगावर ओढतो. मग हा मास्तर तिच्याबद्दल नवीन काय सांगणार, असे तुम्हाला वाटेल. खरे आहे. मी काही शिंपी नव्हे. माझा जन्म पाढे शिकवण्यात गेला. पण माझी आई लोकांना गोधड्या शिवून देई, आणि लहानपणी तिला सुईत दोरा ओवून देण्याचे काम माझ्याकडे असे. तेव्हा पाहिलेले काही आणि पुढे ठेच लागून शिकलेले काही, असे सांगतो.

आधी एक प्रश्न. गोधडीत ऊब कोठून येते? कापडातून येते, असे आपण म्हणतो. पण नुसत्या कापडाला ऊब नसते. ऊब आपल्या अंगाची असते. दोन थरांच्या मधे थोडी हवा अडकून राहते. ती हवा आपल्या अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. म्हणून एका जाड कापडापेक्षा चार पातळ कापडे एकावर एक घातली तर जास्त ऊब लागते. टाक्यांचे काम एवढेच, की हे थर जागच्या जागी राहावेत.

आता कापड. जुने सुती लुगडे सर्वांत चांगले. धुऊन धुऊन ते मऊ झालेले असते आणि आटायचे तेवढे आटलेले असते. नवे कापड घालायचे असेल तर ते आधी भिजवून वाळवून घ्या. नाहीतर पहिल्या धुण्यात ते आखडते आणि साऱ्या गोधडीला चुण्या पडतात. रंगीत कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासून पाहा. रंग लागला तर ते कापड वेगळे ठेवा.

हल्ली घरात नायलॉनच्या आणि पॉलिस्टरच्या साड्या फार. दिसायला त्या सुतासारख्या दिसतात, पण घाम टिपत नाहीत. शिवाय चुलीची ठिणगी पडली तर असे कापड वितळते आणि कातडीला चिकटते. लेकराच्या दुपट्यात ते कधी घालू नका. ओळखायचे कसे? कापडाचा एक धागा उसवून चिमट्यात धरा आणि दिव्यावर न्या. सुताचा धागा कागदासारखा जळतो, कागदासारखाच वास येतो, आणि मागे मऊ राख उरते. नायलॉन किंवा पॉलिस्टर असेल तर धागा आखडतो, वितळतो, आणि टोकाला कडक मणी होतो. तो मणी गरम असताना बोटाने चाचपू नका.

थोडे गणित करू. ते केल्याशिवाय मला चैन पडत नाही. नऊवारी लुगडे म्हणजे 9 वार. एक वार म्हणजे 3 फूट. म्हणजे लुगडे झाले 27 फूट. त्याच्या चार घड्या केल्या तर एक घडी पावणेसात फुटांची होते. उंच गडीही तिच्यात पाय लांब करून झोपेल. म्हणजे एका लुगड्याची, कात्री न लावता, चार थरांची चौघडी होते. विरलेला भाग आतल्या थरात जाईल अशा घड्या घाला. दुकानात कापड मीटरने मिळते हे ध्यानात ठेवा. मीटर वारापेक्षा साधारण साडेतीन इंच मोठा असतो.

थर अंथरायला सारवलेली सपाट जमीन हवी. चार कोपऱ्यांवर वजन ठेवा. आई वरवंटा ठेवी, तांब्या ठेवी, आणि मी जवळ असलो तर एका कोपऱ्यावर मला बसवी. मग मधून काठाकडे हात फिरवत सुरकुत्या काढायच्या. त्यानंतर मधोमध उभा आणि आडवा, असा लांब लांब कच्च्या टाक्यांचा दोरा घालायचा. हा दोरा टाळला तर पुढे थर सरकतात. मधेमधे हात खाली घालून पाहत जा. आईने एकदा बोलण्याच्या नादात गोधडीबरोबर खालची सतरंजीही शिवून टाकली होती!

मग पक्के टाके. आई काठापासून सुरुवात करी आणि चौकोनात चौकोन करीत मधे येई. दोन ओळींत दोन बोटांचे अंतर ठेवी. याहून जास्त अंतर ठेवले तर झोपेत पायाचे बोट टाक्यात अडकते आणि टाका तुटतो. ओळ सरळ यावी म्हणून दोऱ्याला खडूची पूड चोळा, दोन्ही टोके ताणून धरा आणि मधे उचलून सोडा. पांढरी रेघ उमटते. सुतार असेच करतो. साबणाची झिजलेली चिपही रेघ मारायला चांगली. धुतली की रेघ जाते.

दोरा दीड हातापेक्षा लांब घेऊ नका. पुन्हा पुन्हा ओवायचा कंटाळा म्हणून लांब दोरा घेतला, की त्याला गाठी पडतात आणि दुप्पट वेळ जातो. दोरा मधमाशीच्या मेणावरून एकदा ओढला तर गुंतत नाही. ओवताना टोक तिरपे कापा, आणि सुईच्या मागे पांढरा कागद धरा, म्हणजे नेढे दिसते. चाळिशी उलटली असेल तर चष्मा लावा. त्यात लाजायचे काय? बोटाला अंगुस्तान घाला. चार थरांतून सुई रेटायची म्हणजे बोटाची चाळण होते.

आता सुईबद्दल. हे जरा सावकाश वाचा.

आमची थोरली मुलगी आठ महिन्यांची होती. तिची आई ओसरीवर दुपटे शिवत बसली होती. पाहुणे आले. मी आतूनच ओरडलो, "अगं, ते राहू दे, आधी चहा टाक!" ती म्हणाली, "अहो, एवढी ओळ होऊ द्या." मी ऐकले नाही. तिने सुई दुपट्यात खोचली आणि उठली. दोरा संपत आला होता, तो सुईतून निसटला. संध्याकाळी कोणीतरी ते दुपटे घडी करून ठेवले. रात्री मुलीला त्यावर निजवले, आणि ती किंचाळली. मांडीत सुई शिरून मोडली होती. अर्धी बाहेर, अर्धी आत. मी चिमटा घेऊन ओढायला गेलो, तर टोक आणखी आत गेले. मग बैलगाडीतून तालुक्याला नेली. तिथे फोटो काढून, मांडीला चीर देऊन तुकडा काढला. मुलगी बरी झाली. चूक तिच्या आईची, असे घरात सारे म्हणाले. मीही तेव्हा गप्प राहिलो. घाई कोणी केली होती, ते मला ठाऊक होते.

तेव्हापासून आमच्या घरी नेम आहे. सुयांचा डबा उघडला की किती सुया आहेत तो आकडा झाकणाच्या आत खडूने लिहायचा. काम संपले की मोजून पाहायचे. आकडा जुळल्याशिवाय कोणी उठायचे नाही, पाहुणे आले तरी. तुम्हाला आता आकडे लिहिता येतात, मग हे जमेल. सुई मोडली तर दोन्ही तुकडे सापडले पाहिजेत. कापडात सुई खोचून ठेवायची वेळ आलीच, तर तिच्यात लाल किंवा भडक रंगाचा लांब दोरा ठेवा. नुसती सुई दिसत नाही, दोरा दिसतो. हरवलीच तर रात्री विजेरी जमिनीलगत आडवी धरा. सुई चमकते. मोडक्या रेडिओच्या कर्ण्यामागचा लोहचुंबक जपून ठेवा. तो गोधडीवरून सावकाश फिरवला तर वरच्या थरातली सुई ओढून धरतो.

आणि सुई अंगात मोडली, तर मी केले तसे घरी उकरू नका, दाबू नका. तो हात किंवा पाय हलू देऊ नका आणि दवाखान्यात न्या. धनुर्वाताच्या सुईबद्दल तिथे आठवणीने विचारा.

शेवटी धुण्याचे. ओली गोधडी दोरीवर टांगू नका. पाण्याच्या वजनाने टाके ओढले जातात. स्वच्छ खडकावर किंवा खाटेवर पसरा आणि दोन्ही बाजूंना ऊन द्या. ढेकूण शिवणीच्या कडेला अंडी घालतात, म्हणून तिथे उकळते पाणी ओता. हात सांभाळा. बोट टोचून रक्ताचा डाग पडला तर तो लगेच गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने डाग पक्का बसतो. हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो. घाबरू नका. धुऊन उन्हात टाका, उन्हाने तो फिका पडत जातो.