बॅकअप घेतलाय ना? मग परत काढून दाखवा!

मैत्रिणींनो, घरात आपण किती गोष्टींची दुसरी सोय करून ठेवतो! गॅसचा भरलेला दुसरा सिलिंडर, शेजारच्या वहिनींकडे ठेवलेली कुलपाची किल्ली, लाइट जाणार म्हणून आधीच भरलेल्या बादल्या... पण हीच मी, आमच्या बचत गटांच्या संघाचा हिशेब सांभाळताना मात्र चांगलीच फसले.

२०२२ च्या पावसाळ्यातली गोष्ट. संघाच्या ऑफिसातला कॉम्प्युटर एका सकाळी सुरूच होईना. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, हार्ड डिस्क गेली." मी अगदी निर्धास्त. कारण दर शनिवारी मी स्वतः हिशेब पेन ड्राइव्हवर कॉपी करत होते. पेन ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावला, क्लिक केलं... काहीच नाही! मग कळलं, मी इतके दिवस कॉपी करत होते तो नुसता शॉर्टकट, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र. घराचा पत्ता जपून ठेवला, घर नाहीच!

कॉम्प्युटर आल्यापासून रोजकीर्द हाताने लिहिणं आम्ही बंद केलं होतं. सगळ्यांची पासबुकं गोळा करून हिशेब पुन्हा उभा करायला अडीच महिने लागले. त्यात एका ताईंचे दोन हप्ते सापडेनात. त्यांनी पैसे भरले तेव्हा पासबुक घरी राहिलं होतं, आणि पावतीही हरवलेली. धुणीभांडी करून हप्ता भरणारी बाई. बैठकीत कुणीतरी पटकन बोलून गेलं, "भरले होते कशावरून?" आम्ही त्यांच्या शब्दावर हप्ते जमा धरले खरे, पण त्यांचा तो उतरलेला चेहरा मी विसरू शकत नाही. चूक माझी होती, आणि मान खाली गेली त्यांची.

त्या वर्षी गणपतीला शेजारच्या वहिनींची लेक पुण्याहून आली. ती एका कंपनीत लिनक्सचे सर्व्हर सांभाळते. तिला सगळं सांगितलं, तर हसली नाही बिचारी. म्हणाली, "काकू, परत काढून बघितल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणायचंच नाही." आणि सुट्टीचे चार दिवस तिने आमच्यासाठी दिले.

आता मी पडले कलाशाखेची. मला वाटायचं सर्व्हर म्हणजे मोठ्या एसी खोलीतलं कपाटाएवढं यंत्र. पण सर्व्हर म्हणजे ज्याच्याकडे सगळ्यांची माहिती एका जागी असते आणि जो मागेल त्याला ती देतो, तो कॉम्प्युटर. आमचा सर्व्हर एका सभासदाच्या मुलाने वापरून सोडलेला जुना कॉम्प्युटर आहे! त्यावर तिने डेबियन नावाचं लिनक्स घातलं. हे फुकट मिळतं, आणि ज्याला समजतं तो त्याचा आतला कोडही वाचू शकतो, बदलू शकतो. याला म्हणतात ओपन सोर्स. १९९३ साली इयान मर्डॉक या तरुणाने डेबियन सुरू केलं, आणि त्याच्या मैत्रिणीचं डेब्रा हे नाव आणि आपलं इयान जोडून 'डेबियन' असं नाव ठेवलं. मला ही गोष्ट फार आवडली! डेबियन इन्स्टॉल करताना भाषांच्या यादीत आपली मराठीही आहे बरं का.

बॅकअपसाठी तिने 'बोर्ग' नावाचं सॉफ्टवेअर निवडलं. २०१५ साली 'अॅटिक' नावाच्या आधीच्या सॉफ्टवेअरमधून ते वेगळं निघालं. मी विचारलं, "हे कुठून आणायचं? सीडी मिळते का?" ती म्हणाली, "काकू, त्याचं पॅकेज आहे." हे पॅकेज प्रकरण मला भाजणीवरून कळलं. ओपन सोर्स सॉफ्टवेअर म्हणजे कृती आणि धान्य. सगळं मोफत, पण प्रत्येकीने निवडायचं, भाजायचं, दळायचं म्हटलं तर? म्हणून डेबियनचे जगभरातले स्वयंसेवक ते काम करून तयार पाकीट देतात. थालीपिठाला तवा आणि तेल लागतं, तसं या सॉफ्टवेअरला आणखी काय काय लागतं तेही पाकिटावर लिहिलेलं असतं, आणि ते सगळं आपोआप बरोबर येतं. वाटेत कुणी भेसळ केली तर डिजिटल सही जुळत नाही आणि आपला कॉम्प्युटर ते घ्यायला नकार देतो. एक ओळ टाइप केली आणि दोन मिनिटांत बोर्ग हजर!

पण पाकीट आणलं म्हणजे थालीपीठ झालं का? मीठ-तिखट आपल्यालाच घालावं लागतं. त्याला म्हणतात कॉन्फिगरेशन. 'बोर्गमॅटिक' नावाचं आणखी एक पॅकेज आहे. त्याच्या एका साध्या फाइलमध्ये आपल्या सूचना लिहायच्या. त्यात ओळीच्या सुरुवातीची एक जागा कमी-जास्त झाली तरी ते कुरकुरतं. सूचना लिहायला ती बसली आणि प्रश्न मलाच विचारत गेली.

काय घ्यायचं? हिशेब, सभासदांचे अर्ज, ठरावांच्या फाइली. गाणी आणि सिनेमे नकोत. इथे तिने एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. हिशेब डेटाबेसमध्ये असतो. काम चालू असताना त्याची फाइल नुसती उचलली तर अर्धवट नोंद येऊ शकते. म्हणून डेटाबेसला आधी स्वतःची नीट प्रत काढायला सांगायचं आणि मग ती उचलायची. रांगोळी पूर्ण झाल्यावर फोटो काढावा, तसं!

केव्हा घ्यायचं? रोज रात्री दोन वाजता. मी म्हटलं, "अगं, आमच्याकडे रात्री लाइट गेली तर?" तर तशीही सोय आहे. वेळ चुकली तर कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाल्यावर ते काम उरकून घेतो.

किती ठेवायचं? रोजच्या सात प्रती, आठवड्याच्या चार आणि महिन्याच्या बारा. इतक्यांना जागा कशी पुरणार? बोर्ग फाइलींचे तुकडे करतं आणि जो तुकडा आधीच साठवलेला आहे तो पुन्हा साठवत नाही. म्हणून रोजची प्रत पूर्ण दिसते, पण जागा फक्त बदलाएवढीच लागते.

कुठे ठेवायचं? इथे तीन-दोन-एकचा नियम. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. ही दुसरी जागा किती मोलाची, त्याची एक खरी गोष्ट तिने सांगितली. १९९८ साली अमेरिकेत पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' या सिनेमाचं काम चालू होतं. कुणीतरी पुसण्याची चुकीची आज्ञा दिली आणि सिनेमाच्या फाइली भराभर नाहीशा झाल्या. बॅकअप बघितला, तर तोही नीट झालेला नव्हता! तेव्हा गेलिन सुसमन या तंत्रज्ञ बाई बाळंतपणामुळे घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर प्रत होती. तो कॉम्प्युटर ब्लँकेटात गुंडाळून, जपून गाडीतून आणला गेला. बाळाच्या आईने घरून काम केलं म्हणून सिनेमा वाचला!

आमचीही एक हार्ड डिस्क आता माझ्या घरी लोखंडी कपाटात, पैठणीच्या खाली असते. आठवड्याला ती ऑफिसात न्यायची, नवी प्रत घ्यायची आणि परत आणायची. प्रती कुलूपबंद आहेत. त्यांचा परवलीचा शब्द विसरलो तर जगातला कुणीही त्या उघडू शकणार नाही. म्हणून तो कागदावर लिहून दोन बंद पाकिटं केली, एक अध्यक्षांकडे आणि एक बँकेच्या लॉकरमध्ये.

एवढं सगळं झाल्यावर मी म्हटलं, "चला, आता निर्धास्त!" तर ती म्हणाली, "नाही काकू, आत्ताच तर सुरुवात आहे." मग तिने गिटलॅब या कंपनीची गोष्ट सांगितली. जगभरातले प्रोग्रॅमर आपलं काम तिथे साठवतात. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री दमलेल्या एका इंजिनिअरने चुकून भलत्याच सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, पण ऐनवेळी एकही धड उपयोगी पडेना! रोजची प्रत काढणारं साधन होतं जुन्या आवृत्तीचं आणि डेटाबेस नव्या आवृत्तीचा. पॅकेजने चुकीची आवृत्ती उचलल्यामुळे प्रत निघतच नव्हती. 'काम फसलं' असं सांगणाऱ्या ईमेल्ससुद्धा वाटेतच नाकारल्या जात होत्या, म्हणून कुणाला पत्ता नव्हता. सुदैवाने त्याच इंजिनिअरने सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी एक प्रत काढून ठेवली होती, तिच्यावर निभावलं. त्या मधल्या सहा तासांतल्या नोंदी मात्र कायमच्या गेल्या. कंपनीने हे सगळं न लपवता जाहीर केलं, हे मला मोठेपणाचं वाटलं.

एवढ्या हुशार माणसांचं असं होतं, तर माझा शॉर्टकट कुठल्या झाडाचा पाला! म्हणून आम्ही दोन नियम केले. सकाळी ऑफिस उघडणारीने कालच्या प्रतीची तारीख बघून वहीत टिक करायची. ईमेल आली नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजायचं नाही. आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी बैठकीत चिठ्ठी काढायची. जिचं नाव निघेल तिचं खातं बॅकअपमधून दुसऱ्या कॉम्प्युटरवर परत काढायचं आणि तिच्या पासबुकाशी ताडून बघायचं, सगळ्यांसमोर.

पहिल्या तीन महिन्यांतच एकदा चूक सापडली. अर्जांचं नवं फोल्डर सूचनांच्या फाइलीत लिहायचंच राहिलं होतं! चिठ्ठीमुळे कळलं, नाहीतर पुन्हा तेच झालं असतं.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात, दुकानात, शाळेत कॉम्प्युटरवर हिशेब असेल, तर लिनक्स नको असेल तर नको, पण एक करा. आजच बॅकअपमधली एक फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. उघडली नाही, तर आज कळलेलं बरं.

मागच्या दिवाळीआधीच्या बैठकीत चिठ्ठीत त्याच ताईंचं नाव निघालं. स्क्रीनवर त्यांचे हप्ते एकाखाली एक आले. त्या खुर्ची ओढून जवळ बसल्या, पासबुकावर बोट ठेवून एकेक ओळ जुळवत गेल्या. शेवटच्या ओळीला आल्या आणि म्हणाल्या, "बरोबर आहे सगळं. आता कुणी विचारायचं नाही, कशावरून म्हणून!"