बरक्या फणसाचे धोंडस

मृगाच्या सरी सुरू झाल्या की कणकवली परिसरातील परसांत बरक्या फणसांचा सडा पडतो. कापा फणस बाजारात चालतो. बरक्याचे गरे मऊ व बुळबुळीत, वाहतुकीत टिकत नाहीत, म्हणून त्यास गिऱ्हाईक कमी. फणसपोळी घालावी तर ऊन नाही. आठळीपासून वाढलेले झाड कापा निघेल की बरका, हे फळ धरेपर्यंत कळत नाही. खात्रीचे फळ हवे असल्यास कलमच लावावे लागते. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी बरक्याच्या झाडाकडे केवळ लाकूड म्हणून पाहिले जाते. अशाच एका शेतकऱ्याने परसातील जुने झाड विकावयाचे ठरविले, तेव्हा त्यांच्या मातोश्रींनी वाद न घालता आमच्यापुढे धोंडसाची वडी ठेवली.

धोंडस म्हणजे फळ व तांदळाचा रवा यांचा, वरखाली निखारे ठेवून भाजलेला गोड पदार्थ. एरवी तो पावसाळ्यात तवशाचा करतात. बरक्याचाही तितकाच उत्तम होतो.

हातांस व सुरीस खोबरेल लावून फणस फोडावा. आठळ्या काढून गरे चाळणीवर घासावेत व रस घ्यावा. दोन वाट्या तांदळाचा रवा तुपावर खमंग भाजून बाजूस ठेवावा. दोन वाट्या रस, तीन वाट्या पाणी, एक वाटी गूळ, एक वाटी खोवलेले खोबरे व चिमूटभर मीठ यांस उकळी आणून त्यात रवा वैरावा आणि वाफ आणावी. फळ फार गोड असल्यास गूळ कमी करावा.

ही वाफ टाळू नये. प्रस्तुत लेखकाने प्रथम घरी कच्चा रवा रसात कालवून पातेले थेट जाळावर ठेवले होते. बूड करपले आणि मधला भाग दाताखाली कचकचला! रस दाट असतो. रव्यास फुगण्याइतके पाणी त्यातून मिळत नाही.

जाड बुडाच्या पातेल्यास तूप लावून केळीचे पान अंथरावे, मिश्रण थापावे व झाकणावर निखारे ठेवावेत. करवंटीचे निखारे चांगले, कारण ते ज्वाळेविना धगधगतात. खाली आच मंद हवी, नाहीतर वरचा भाग तांबूस होण्यापूर्वीच बूड जळते. अर्ध्यापाऊण तासाने सुरी टोचून पाहावी. ती कोरडी निघाली म्हणजे उतरवावे. वड्या पूर्ण निवाल्यावरच पाडाव्यात. ओल्या खोबऱ्यामुळे पदार्थ फार टिकत नाही.

एका झाडाचा सारा फणस धोंडसात संपेल, असे कोणी सांगू नये. पण आठळ्या भाजीस व चारखंडे गुरांस घातली, तर कुजून जाणारा भाग बराच घटतो. ग्रामसेवकांनी बचत गटाच्या बैठकीत याविषयी भाषण करण्यापेक्षा चूल पेटवावी.

त्या शेतकऱ्यांनी लाकडाचा सौदा या पावसाळ्यापुरता थांबविला आहे. मातोश्रींनी आठळ्या तांबड्या मातीत घोळवून ठेवल्या आहेत.